लांब ड्रॉपसाठी रॅपल रॅक कसा निवडायचा

पावसाळा संपत आला की आपल्या इंदूरच्या ट्रेकिंगवाल्या पोरांचे फोन सुरू होतात, यंदा मेघालयला जाऊन राहिलोय, तिथे खोल शाफ्ट म्हणजे विहिरीसारखी उभी गुहा आहे म्हणे, ताई रॅक, म्हणजे दोरावरून ब्रेक लावत उतरायचं ते साधन, कोणता घेऊ. आणि बहुतेकांनी आधीच नेटवर बघून एखादा रॅक पसंत केलेला असतो, कारण काय तर तो सगळ्यात मजबूत लिहिलाय. मजबुती बघायचीच, पण खरं सांगते, चांगल्या कंपनीचा कुठलाही रॅक तुमच्या वजनाच्या कितीतरी पट लोड सहन करतो, तिथे निवड अडत नाही. निवड अडते ती दोन जागी. ड्रॉपच्या, म्हणजे दोरावर लटकत उतरायच्या उभ्या उंचीच्या, वरच्या दहा मीटरमध्ये तुम्ही हलू शकता का आणि खालच्या दहा मीटरमध्ये तुम्ही थांबू शकता का. हे दोन्ही तुमच्या वजनाला, तुमच्या दोराला जमलं तर तो रॅक तुमचा, नाहीतर कितीही महाग असो, दुसऱ्याचा.

आधी हे समजून घ्या की लांब ड्रॉपमध्ये वेगळं काय होतं, कारण आपण सगळे शिकलोय ते पंचवीस-तीस मीटरच्या कड्यावर. आपल्याकडे माळव्यात बहुतेक बेसाल्ट, चुनखडीच्या गुहा जवळजवळ नाहीतच, बाघच्या गुहा आहेत त्या तर माणसांनी कोरलेल्या, त्यात उतरायला शाफ्ट कुठला असणार. म्हणून महू-चोरलच्या बाजूच्या कड्यांवर फिगर एट नाहीतर एटीसी ही दोराला ब्रेक लावायची छोटी साधनं लावून उतरायचं हीच सवय. तेवढ्या उंचीला ते ठीक आहे. पण दोर शंभर, दीडशे, दोनशे मीटर लोंबत असला की त्या दोराचं स्वतःचं वजन हीच मोठी गोष्ट होऊन बसते.

हिशोब सोपा आहे. ११ मिमीचा स्टॅटिक, म्हणजे फार न ताणणारा, दोर मीटरमागे साधारण ७५ ते ८० ग्रॅम भरतो, १० मिमीचा साठ-पासष्टच्या आसपास. म्हणजे ११ मिमीचा १०० मीटर दोर धरला तर साडेसात-आठ किलो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात एलिसन्स केव्ह म्हणून गुहा आहे, तिच्या आतला फँटास्टिक पिट ५८६ फुटांचा, म्हणजे १७९ मीटरचा सरळ ड्रॉप आहे, तिथे वर उभं असताना खाली १४ किलो दोर लटकलेला असतो. मेक्सिकोतल्या गोलोन्द्रिनास गुहेचा फ्री ड्रॉप, म्हणजे भिंतीला न लागता हवेतला, जवळजवळ ३३३ मीटर, तिथे सव्वीस किलो. आणि हे कोरड्या दोराचं झालं, ओला झाला की अजून जड.

आता हे वजन कुठे लागतं बघा. ते तुमच्या ब्रेकच्या बाजूला लागतं. म्हणजे खाली जणू कोणीतरी उभं राहून चौदा किलोने दोर खेचून राहिलंय, आणि आपल्याला माहितीये की खालून कोणी दोर खेचला की उतरणारा जागच्या जागी अडकतो, फायरमन बिले हाच तर असतो. त्यामुळे लांब ड्रॉपच्या तोंडाशी माणूस ब्रेक सोडून बसला तरी खाली जात नाही, त्याला हाताने दोर उचलून उचलून डिव्हाइसमध्ये भरवावा लागतो, एकेक वीत. मग जसजसं खाली जाल तसतसा खालचा दोर कमी होतो, घर्षण आपोआप कमी होत जातं, आणि तळाजवळ पोचता तेव्हा तोच डिव्हाइस, तोच दोर, पण धरायला काहीच नाही अशी गत. शिवाय तोवर हात दमलेले. फिगर एटमध्ये घर्षण वाटेत फारसं बदलताच येत नाही, आणि वर ती दोराला पीळ घालते, लांब दोराला पीळ पडला की तुम्ही हवेत गरागरा फिरताय आणि खाली दोराचा गुंता. बॉबिनमध्ये, म्हणजे पेट्झल कंपनीचं स्टॉप किंवा सिंपल हे उतरायचं साधन, त्यातही दोराचा मार्ग ठरलेलाच असतो, वरती धक्के खात उतरावं लागतं.

रॅक नेमका याच्यासाठी जन्माला आला. १९६६ मध्ये जॉन कोल नावाच्या, गुहांत उतरणाऱ्या अमेरिकन केव्हरने तो बनवला. स्टीलची एक सळई उलट्या यू सारखी वाकवलेली, त्यावर आडवे बार, दोर त्यातून एकदा पुढून एकदा मागून असा नागमोडी जातो. बार वाढवला की घर्षण वाढलं, काढला की कमी झालं, आणि बार एकमेकांना चिकटवले की जास्त, लांब पसरवले की कमी. हे सगळं दोरावर लटकलेलं असताना, चालू उतरणीत करता येतं. म्हणजे वर चार बार पसरून ठेवायचे, निम्म्यात आलं की पाचवा घालायचा, तळ दिसायला लागला की सहावा. एवढंच त्याचं मर्म आहे, आणि रॅक निवडताना दर वेळी इथेच परत यायचं की मला हा कमी-जास्तपणा किती मिळतोय.

पण थांबा, सगळ्याच खोल गुहांना रॅक लागतो असंही नाही. जगातली सगळ्यात खोल माहीत असलेली गुहा, अबखाझियातली व्हेरयोव्किना, ती २२०० मीटरपेक्षा खोल आहे, पण तिथे लोक बॉबिन घेऊनच उतरतात, कारण युरोपियन पद्धतीत लांब ड्रॉप तुकड्यांत तोडतात, मध्ये मध्ये भिंतीत बोल्ट मारून दोर पुन्हा बांधतात, रीबिले म्हणतात त्याला. प्रत्येक तुकडा वीस-तीस मीटरचा, त्यामुळे खालच्या दोराचं वजन कधी साठतच नाही. आणि प्रत्येक रीबिलेवर डिव्हाइस काढून परत लावायचा असतो, तिथे लांबलचक रॅक म्हणजे कटकट. अमेरिकन पद्धत उलटी, जाड दोर, एकच अखंड ड्रॉप, वर कड्याला चांगलं पॅडिंग. म्हणून रॅक मागवायच्या आधी टीम लीडरला हे विचारा की रिगिंग, म्हणजे दोर बांधायची पद्धत, कसं असणार आहे. रीबिले असतील तर पैसे वाचवा, बॉबिन शिका. अखंड साठ-सत्तर मीटरच्या वर असेल तर पुढचं वाचा. मेघालयच्या गुहा बहुतेक आडव्याच आहेत, क्रेम पुरी तर साडेचोवीस किलोमीटरची, वाळूच्या दगडातली जगातली सगळ्यात लांब गुहा, तिथे रॅकचं काय काम. पण चुनखडीत उभे शाफ्ट आहेत, आणि तिथे पोचल्यावर कळून उपयोग नाही.

फ्रेम उघडी का बंद

दोन घराणी आहेत. एक उघडी, जे आकाराची, तिचा एक पाय आयपर्यंत जातो म्हणजे हार्नेसला, कंबरेच्या पट्ट्याला, जोडायच्या कडीपर्यंत, आणि दुसरा पाय मोकळा सुटतो, त्याच्या टोकाला नट. यात पाच किंवा सहा बार येतात. नेहमीची फ्रेम चौदा इंचांच्या आसपास असते, सळई ३/८ इंच म्हणजे साडेनऊ मिमीची. दुसरी बंद फ्रेम, यू रॅक किंवा छोटी असेल तर मायक्रो रॅक म्हणतात, यात दोन्ही पाय खाली जोडलेले, बार साधारण चार, आणि वरचा बार एका बाजूला बाहेर काढलेला असतो, त्याला हायपर बार म्हणतात, त्याच्यावरून दोर घेतला की एकदम जास्तीचा ब्रेक लागतो आणि लॉक करायलाही सोपं.

मायक्रो रॅक मला स्वतःला फार आवडतो, छोटा, हलका, कड्याच्या तोंडावर अडकत नाही, अरुंद फटीत छातीत टोचत नाही. चाळीस-पन्नास मीटरपर्यंत तो घ्या आणि सुखी रहा. पण शंभरच्या वर गेलात की चार बारमध्ये पसरवायला जागाच नसते, वर घर्षण कमी करायचं म्हणून एक बार काढला तर तीनच राहतात, ते धोक्याचं. म्हणून लांब ड्रॉपला सहा बारची उघडी लांब फ्रेम. पेट्झलचा रॅक पाच बारचा आहे, मधल्या उंचीला चांगला. एसएमसी कंपनीचे सहा बारवाले रेस्क्यूवाल्यांकडे बघायला मिळतात, एनडीआरएफ किंवा फायर ब्रिगेडमध्ये तुमचं कोणी ओळखीचं असेल तर एकदा हातात घेऊन बघा, फोटोवरून त्या लांबीचा अंदाज येत नाही.

लांबीवरून आठवलं, हे कोणी सांगत नाही. रॅक हार्नेसला लावून दोरावर लटकलं की वरचा बार तुमच्या हाताच्या पोचीत पाहिजे. उंच माणसाला चौदा इंच काहीच नाही, पण माझ्यासारख्या बुटक्या माणसाचा हार्नेस, त्यात कॅराबिनर, त्यात लांब रॅक, की वरचा बार कपाळाच्या वर जातो, आणि बार ढकलायला हात ताणावा लागतो. उपाय म्हणजे कॅराबिनरच्या जागी छोटा स्क्रू लिंक, मायलॉन म्हणतात तो, आणि हार्नेसचा अटॅचमेंट पॉइंट खाली असलेला केव्हिंग हार्नेस. घ्यायच्या आधी घरी जिन्याच्या कठड्याला, नाहीतर छताच्या पंख्याच्या नव्हे, चांगल्या मजबूत हुकाला दोर बांधून लटकून बघा, जमिनीपासून वीतभर वर, बस्स तेवढं पुरतं.

आय कशी आहे तेही बघा. काही फ्रेममध्ये सळईचं टोक नुसतं गोल वळवून सोडलेलं असतं, काहींमध्ये वेल्ड केलेलं. वेल्ड केलेली घ्या, नुसती वळवलेली कमी लोडला उलगडते. आणि आय फ्रेमच्या सपाटीत आहे का काटकोनात वळवलेली आहे, यावर रॅक तुमच्यासमोर आडवा उभा राहणार का तोंड करून, हे ठरतं. तुमच्या हार्नेसचा मायलॉन जसा बसतो त्याप्रमाणे जी आय लागेल ती घ्या, नाहीतर रॅक सतत वळून राहतो आणि उजवा हात उगाच मुरगळतो.

बार ॲल्युमिनियमचे का स्टीलचे

इथे वाद घालायला लोकांना फार आवडतं, पण थोडं गणित केलं की वाद निम्मा मिटतो. तुम्ही सामानासकट ८० किलो धरा, १०० मीटर उतरलात, तर साधारण ७८ किलोज्यूल एनर्जी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे पाव लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळायला लागेल एवढी, चांगला दोन कप चहा होईल. ती सगळी त्या हातभर डिव्हाइसमध्ये, दोरात आणि आजूबाजूच्या हवेत जाते. गोलोन्द्रिनासला याच्या तिप्पट. आणि सगळ्यात जास्त ताण वरच्या बारवर असतो म्हणून सगळ्यात जास्त गरम तेच होतात.

दोर कशाचा आहे ते आता महत्त्वाचं. नायलॉन ६ साधारण २२० अंशांना वितळतं, नायलॉन ६६ अडीचशेच्या वर, पण वितळायच्या खूप आधी ते मऊ पडतं, आवरण चकाकायला लागतं, कडक होतं. सियागंज बाजारात बांधाबांधीचे जे पिवळे-निळे पीपीचे म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे दोर मिळतात ते एकशे साठ-पासष्टला वितळतात, ते तर रॅपलिंगला वापरायचेच नाहीत, कोणी कितीही जाड दाखवला तरी.

ॲल्युमिनियम उष्णता स्टेनलेसपेक्षा दहापट सहज वाहून नेतं, म्हणजे जिथे दोर घासतो तिथली उष्णता पूर्ण बारमध्ये लगेच पसरते आणि हवेत जाते. स्टेनलेसमध्ये ती तिथल्या तिथे साठते. शिवाय ॲल्युमिनियमची दोरावर पकड जास्त. मग सगळेच ॲल्युमिनियम का घेत नाहीत, कारण ते झिजतं. चिखल लागलेल्या दोराने तर बघता बघता खाच पडते, आणि दोर काळाकुट्ट होतो, हात काळे, कपडे काळे. स्टेनलेसचे बार वर्षानुवर्षं टिकतात पण गुळगुळीत, घर्षण कमी.

आता निवड कशी, तर वजन बघा. तुम्ही ऐंशी-नव्वद किलोचे असाल, वर सामानाची बॅग, तर ॲल्युमिनियमचे भरीव बार, सहा. तुम्हाला वर हलायला अडचण येणार नाही, तुमचा प्रश्न तळाशी थांबायचा आहे. पण पन्नास किलोच्या मुलीला हाच सेट दिला तर दोनशे मीटरच्या ड्रॉपवर ती तोंडाशीच लटकून राहील, चार बार पसरून ठेवले तरी दोर हाताने भरवत बसेल, अर्धा तास, आणि खाली पोचेपर्यंत खांदे गेलेले. तिला स्टीलचे बार जास्त सोयीचे. ही गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे, कारण उतरायचं कसं हे सांगणारे बहुतेक दणकट पुरुष असतात आणि ते आपला सेट सगळ्यांना सांगतात, मग हलक्या मुलींना वाटतं की आपल्यालाच जमत नाही. जमत नाही असं काही नसतं, तिचा रॅक चुकीचा असतो. काही जण मिक्स ठेवतात, वरचे दोन स्टीलचे कारण झीज तिथेच जास्त, खालचे ॲल्युमिनियमचे. साठ-सत्तर किलोच्या माणसाला हा मधला रस्ता चांगला आहे. स्टीलचे पोकळ बार वजनाला हलके असतात पण झिजून आरपार होऊ शकतात, आतली पोकळी दिसायची वाट बघू नका.

वरचा बार बाकीच्यांपेक्षा जाड असतो, इंचभर, बाकीचे ७/८ इंच म्हणजे २२ मिमी. वरच्याला मध्ये गोल खोबण असलेली घ्या, दोर मधोमध राहतो, नाहीतर तो एका पायाकडे सरकतो आणि फ्रेमला घासायला लागतो.

खाच, आणि जीवावर बेतणारी उलटी बांधणी

हा भाग घाईत वाचू नका. प्रत्येक बारच्या एका टोकाला आरपार भोक असतं, त्यातून फ्रेमचा एक पाय जातो, दुसऱ्या टोकाला खाच, ती दुसऱ्या पायावर चढते. दोर बारला दाबतो तेव्हा खाच पायावर अजून घट्ट बसली पाहिजे. त्यामुळे एका बारची खाच एका बाजूला, पुढच्याची दुसऱ्या बाजूला, अशी आलटून पालटून तोंडं असतात. दोर जर उलट्या बाजूने ओवला तर तोच दोर बारला पायावरून बाहेर ढकलतो, आणि वजन पडलं की सगळे बार फटाफट उघडून दोर मोकळा होतो, माणूस खाली. अंधारात, थकलेलं असताना, ही चूक होऊ शकते.

खाच दोन प्रकारची असते, सरळ आणि तिरपी. तिरपी खाच बारला दोर नसतानाही धरून ठेवते, हाताळायला सोयीची. सरळ खाच सहज निघते. मग वाटेल की सगळ्या तिरप्याच बऱ्या, पण दुसरा बार सरळ खाचेचाच ठेवा. कारण उलटं ओवलं असेल तर सरळ खाच जरा ताण आल्याबरोबर उघडते, तुम्ही कड्याच्या आत, सेफ्टीला बांधलेले असतानाच चूक दिसते. तिरपी खाच उलट्या बांधणीलाही थोडा वेळ धरून राहू शकते आणि नको तिथे सोडते. नवीन रॅक मागवताना बार कोणत्या खाचेचे येणार आहेत हे विचारूनच घ्या, सुटे बारही मिळतात.

आणि रॅक धुवायला खोलला, सगळे बार काढले, तर परत लावायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बारची आलटापालट चुकली तर दोर बरोबर ओवूनही उपयोग नाही. नट घट्ट आहे का तेही बघा.

लेथवर बनवून घेऊ का

हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि मला विचारणाऱ्याचा राग येत नाही, बाहेरून मागवलेला रॅक खरंच महाग पडतो, कस्टम ड्युटी वेगळी, यायला वेळ वेगळा. सांवेर रोडला एकाहून एक लेथवाले आहेत, बार तर ते डोळे मिटून काढून देतील. पण फ्रेमचं काय. सळई कुठल्या ग्रेडची आहे हे बघून कळत नाही, ३०४ आणि २०२ दोन्ही चकचकीत, दोन्हीला चुंबक लागत नाही. थंड अवस्थेत वाकवली की बाहेरच्या बाजूला बारीक तडा पडू शकतो, तो डोळ्यांना दिसत नाही. आयचं वेल्डिंग गेटच्या वेल्डिंगसारखं केलं तर ते गेटच सांभाळेल, माणूस नाही. आणि मुख्य म्हणजे त्यातला एकही तुकडा कोणी तोडून बघितलेला नसतो. कंपनी नमुने मशीनवर खेचून तोडते आणि मग आकडा छापते, त्याचेच पैसे आपण देतो. त्यामुळे फ्रेम कधीच नाही. बारही नाही, कारण खाचेचा कोन आणि भोकाची ढिलाई चुकली की वर सांगितलेलं सगळं बिघडतं. साधारण सारख्या वजनाच्या चार जणांनी मिळून एक चांगला रॅक घ्या, लांब ड्रॉपला तसंही एका वेळी एकच माणूस उतरतो, वरून रॅक परत ओढून घेता येतो.

सेकंडहँड घ्यायचा असेल तर फ्रेम सपाट टेबलावर ठेवून बघा, वाकलेली असेल तर सोडून द्या. रॅक कड्याच्या धारेवर आडवा पडून त्यावर वजन आलं की फ्रेम वाकते, आणि एकदा वाकलेली सरळ करून विकलेली असू शकते, वळणाजवळ बोट फिरवा. बार झिजलेले चालतील, ते बदलता येतात, फक्त किती झिजेपर्यंत वापरायचे ते कंपनीच्या कागदात दिलेलं असतं ते पाळा.

गावातल्या गावात लांब ड्रॉप कसा अनुभवायचा

आपल्याकडे दोनशे मीटरचा ड्रॉप नाही, पातालपाणीचा कडाच सगळे तीनेकशे फुटांचा सांगतात, आणि तिथे परवानगीशिवाय, पाण्याच्या दिवसांत तर अजिबात जायचं नाही. पण रॅक तुम्हाला बसतो का हे पंचवीस मीटरवरही कळतं. दोराच्या खालच्या टोकाला पोतं बांधा, जमिनीला न टेकणारं, आणि त्यात तेवढंच वजन भरा जेवढं खऱ्या ड्रॉपवर खालचा दोर भरेल. १०० मीटर असेल तर आठ किलो, फँटास्टिक पिटसारखा असेल तर चौदा किलो. वाळू भरा, किराण्याचं काही भरू नका, फाटलं तर सांडेल. आता वरून रॅक लावून उतरायला बघा. हेच ते वरचे दहा मीटर. चार बार पसरून तुम्ही सरकताय का, का पोतंच उचलत बसलाय? दोर भरवायला डावा हात किती वेळ टिकतो? बार सुटा करताना उजवा हात कुठे असतो? इथे जमत नसेल तर बारचं मटेरियल बदला, फ्रेम बदलायची घाई नको. खाली कोणाला उभं करू नका, आणि वर बिलेसाठी, म्हणजे उतरणाऱ्याला धरून ठेवायला, वेगळा दोर, वेगळा माणूस ठेवाच.

मग पोतं काढा. पाठीवर किंवा पायाखाली पूर्ण सामान लटकवा, दोर नवीन गुळगुळीत घ्या, आणि सहा बारवर उतरून मध्येच पूर्ण थांबा, दोर रॅकभोवती गुंडाळून बांधा, दोन्ही हात सोडा. हे झाले खालचे दहा मीटर. हात सोडून निवांत लटकता येत नसेल तर तो रॅक लांब ड्रॉपला तुमच्यासाठी नाही. कारण मध्ये काही झालं, दोर कुठे अडकला, दगड पडायला लागले, तर तुम्हाला तिथेच लॉक करून, जुमार, म्हणजे दोरावर चढायची पकड, लावून, परत वर चढता आलं पाहिजे. लॉक, जुमार लावणं, रॅक सोडवणं, चढणं, परत रॅक लावणं, हे झोपेत जमेपर्यंत करा.

पहिल्यांदा लांब उतरताना चारपेक्षा कमी बार कधीच करू नका, कितीही हळू जात असलात तरी. वेग एकसारखा ठेवा. गरम झालेला रॅक घेऊन एका जागी थांबलात तर त्याच जागचा दोर भाजतो, म्हणून दम लागायच्या आधी, रॅक थंड असतानाच थांबा, आणि थांबणं टाळता येत नसेल तर सावकाश सरकत रहा. तळाला पाय लागले की आधी दोर रॅकमधून काढायचा, फोटो नंतर. तापलेले बार हातात धरून ठेवू नका, हातमोजा असला तरी. वेणी आत, ओढणी-मफलर बॅगेत, हेल्मेटचा पट्टा खोचलेला, बार मोकळे असतात आणि केस ओढून घेतात.

ऑर्डर द्यायची असेल तर आता द्या, बाहेरून येणारं सामान दिवाळीच्या गर्दीत अडकतं, आणि रॅक हातात आल्यावर पोत्याचा सराव करायला महिना-दीड महिना तरी हातात पाहिजे. मागवताना दुकानदाराला तुमचं वजन, दोराची जाडी आणि सगळ्यात लांब ड्रॉप किती मीटरचा हे तिन्ही लिहून पाठवा, आणि दुसरा बार सरळ खाचेचा पाहिजे हेही.